चौथीच्या मुलांचं निवासी शिबिर: पाठवावं का? नक्की उपयोग काय?

केतकी_पुणे
नमस्कार मंडळी. माझी लेक चौथीत आहे. शाळेने डिसेंबरमध्ये दोन रात्रींचं निवासी शिबिर ठरवलंय, वेल्ह्याच्या बाजूला. मुलं तंबूत राहणार, जवळची एक टेकडी चढणार, रात्री आकाशदर्शन, स्वतःची ताटं स्वतः घासायची, फोन न्यायचा नाही. पोरगी आत्तापासूनच बॅग भरून बसली आहे. नवरा म्हणतो पाठवूया. सासूबाई म्हणतात, "नऊ वर्षांचं पोर, थंडीचे दिवस, कशासाठी?"

त्यांचा हा "कशासाठी" मला उडवून लावता येत नाहीये. आम्ही सिंहगडावर अधूनमधून जातोच, तिला झाडं-पाखरं दाखवतोच. शाळेच्या पत्रकात नेतृत्वगुण, आत्मविश्वास, संघभावना असे शब्द आहेत, पण दोन रात्रींत हे सगळं कसं येणार ते कुणी सांगत नाही. ज्यांनी मुलं पाठवलीत किंवा स्वतः शिबिरं घेतलीत त्यांनी अनुभव सांगा. या वयात उपयोग काय? आणि पाठवायचंच तर शाळेला काय काय विचारून घ्यायचं?

सह्यभटक्या
पाठवा. डोळे झाकून.

मीनल_ठाणे
सह्यभटक्या, डोळे झाकून नको हो, डोळे उघडे ठेवून पाठवू दे तिला :)
केतकी, माझा मुलगा तिसरीत असताना गेला होता. परत आला तो मळका, आवाज बसलेला आणि जाम खूश. महिनाभर स्वतःचं ताट स्वतः उचलत होता. मग थांबला. पण अंथरूण अजूनही स्वतः घालतो, दोन वर्षं झाली.

रानवाटा
मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि तिसरी-चौथीची शिबिरं बरीच वर्षं घेते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिंहगडावर मूल तुमच्याबरोबर येतं तेव्हा तहान लागायच्या आत बाटली पुढे येते, ऊन लागलं की टोपी डोक्यावर येते. यात तुमची चूक नाही, आईबापांचे हात आपोआप पुढे जातात. शिबिरात पंचवीस मुलांमागे चार मोठी माणसं असतात, तेवढे हात नसतातच. मग बाटली आपली आपण भरायची, ओला टॉवेल आपण वाळत घालायचा. नाही घातला तर सकाळी त्याच ओल्या टॉवेलने अंग पुसायचं. दुसऱ्या दिवशी सगळे टॉवेल दोरीवर असतात, कुणाला सांगावं लागत नाही.

एक प्रसंग सांगते. रात्री जेवणं झाल्यावर चार मुलींना तंबूपासून संडासापर्यंत जायचं होतं. अंतर फारतर शंभर पावलं. चौघींत टॉर्च एक. तो कुणी धरायचा यावरून जुंपली. टॉर्चवाली पुढे गेली की मागच्यांना पायाखालचं दिसेना, ती मागे राहिली की पुढचीला स्वतःचीच सावली आडवी येई. मी थोड्या अंतरावर उभी होते, मुद्दाम बोलले नाही. शेवटी एकीने रागारागाने टॉर्च बंदच केला. चौघी तिथेच फुरंगटून उभ्या. चार-पाच मिनिटांनी त्यातली एक म्हणाली, "अगं, वाट दिसतेय की!" अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण पांढुरकी पायवाट त्याच्या आधीच दिसायला लागते. दुसऱ्या रात्री त्यांच्या गटाने टॉर्च मागितलाच नाही.

आता मी जर "चला गं, मी येते सोबत" म्हणून पुढे झाले असते तर हे घडलं नसतं. आई असती तर ती झालीच असती, आणि आईने व्हायलाच हवं. म्हणून शिबिर वेगळं आणि घरच्यांबरोबरची सहल वेगळी.

आणखी एक. शक्य असेल तर दोन रात्रींचंच निवडा. पहिल्या रात्री दिवे मालवल्यावर कुणी ना कुणी रडतंच. एकाने सुरुवात केली की आणखी दोघं-तिघं. सकाळी मात्र त्यांना कळलेलं असतं की आपण रडलो, झोपलो आणि उठलो, काही झालं नाही. दुसरी रात्र त्यांची स्वतःची असते. एका रात्रीच्या शिबिरातून मूल पहिल्याच रात्रीची आठवण घेऊन घरी येतं.

गोदाकाठ
रानवाटा, तुम्ही लिहिता तशी शिबिरं असतील तर माझा आक्षेपच नाही. पण बहुतेक शाळा करतात ते असं नसतं. शाळा एका कंपनीला काम देते, कंपनीचा रिसॉर्ट असतो. झिपलाइन, रबरी पाइपातून रांगणं, रेन डान्स, शेकोटीपाशी स्पीकरवर गाणी, शेवटी टी-शर्ट आणि प्रमाणपत्र. वर्गशिक्षिका खुर्चीत बसून पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकत राहतात. पैसे भरमसाट. झिपलाइन वीस सेकंदांची, रांग तासाभराची. मुलाला निसर्ग दिसतो तो बसच्या खिडकीतून.

आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांचं काय? माझ्या पुतण्याच्या वर्गातली सात-आठ मुलं गेली नाहीत. त्या तीन दिवसांत ती घरी. नंतर आठवडाभर वर्गात शिबिराच्याच गप्पा. संघभावना म्हणतात ती कुणाची मग?

सह्यभटक्या
गोदाकाठ +१. शेकोटीपाशी स्पीकर लावणाऱ्यांना त्याच शेकोटीवर भाकऱ्या थापायला बसवलं पाहिजे.

चकली
भाकऱ्यांवरून आठवलं. आमच्या शाळेचं वनभोजन नदीकाठी व्हायचं, प्रत्येकाने घरून एकेक वांगं आणायचं. तीन दगडांची चूल, सगळी वांगी एकत्र भाजायची आणि बाईंच्या हाताखाली भरीत. एकाने वांग्याऐवजी टोमॅटो आणला होता, त्याला सगळे वर्षभर टोमॅटो म्हणत. तो आता मोठा वकील आहे, आम्ही अजूनही टोमॅटोच म्हणतो.

झेडपी_गुरुजी
राम राम. मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, डोंगरातलं गाव. शहरातल्या मंडळींची चर्चा वाचतोय, आवडली.

आमच्या पोरांना रान दाखवायला कुठं न्यायचं? ती रानातच राहतात. कारवीच्या काड्यांचे कूड बांधून वर शेणमाती लिंपलेली घरं त्यांची. खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी ओली ताजी माती दिसली की आत खेकडा आहे, हे मला दुसरीतल्या पोरानं शिकवलं. म्हणून सुरुवातीला मलाही वाटायचं की शिबिर हे शहरातल्या मुलांचं औषध आहे, आपल्याला काय त्याचं.

मग आम्ही वर्ग अलिबागच्या बाजूला नेला. एका शाळेत मुक्काम केला, तिथल्या गुरुजींची ओळख होती. एसटीला शालेय सहलीची पन्नास टक्के सवलत मिळते, ती घेतली, बाकीचा खर्च गावातून उभा केला. कुणालाच मागं ठेवलं नाही. पोरांनी भंडारदऱ्याचं धरण पाहिलेलं, तेव्हा पाण्याचं त्यांना अप्रूप नव्हतं. पण ओहोटी! दुपारी जिथं लाटा होत्या तिथं संध्याकाळी नुसती ओली रेती. "गुरुजी, पाणी कुठं गेलं?" मी उत्तर दिलं नाही. पोरांनीच काठ्या आणल्या. पाणी जिथवर येतं तिथं एक काठी रोवायची, पुन्हा तासाभरानं दुसरी. रात्री मी आणि दोन शिक्षक कंदील घेऊन त्यांच्याबरोबर. सकाळपर्यंत किनाऱ्यावर काठ्यांची ओळ, आणि वहीत वेळा लिहिलेल्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी तिथले लोक चालत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जाताना पाहिले आणि मग पोरांना काठ्यांचा अर्थ पुरता कळला. चंद्राचं नाव मी नंतर काढलं.

एक मात्र सांगतो. घोट्याच्या वर पाण्यात कुणालाही जाऊ दिलं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची सहलीला आलेली पोरं गेली, ती तर मोठी होती. समुद्र, नदी, धरण असेल तिथं शिक्षकानं कठोरच व्हायला पाहिजे.

रानवाटा
गुरुजी, काठ्यांची कल्पना फार आवडली. पुढच्या वेळी करणार.

मीनल_ठाणे
गुरुजी, तुम्ही पुस्तक लिहा.

म्युनिकवासी
इथे जर्मनीत, बायर्न राज्यात, तिसरी-चौथीत वर्ग चार-पाच दिवस बाहेर राहायला जातो. शुललांडहाइम म्हणतात त्या जागेला, शाळांसाठीच बांधलेली गावाकडची साधी घरं. आमचा मुलगा चौथीत गेला. फोनला बंदी, पालकांनी फोन करायचा नाही, काही अडचण आली तर शिक्षिका कळवणार. मुलं घरी पत्रं लिहितात. त्याचं पत्र तो परत आल्यावर दोन दिवसांनी पोचलं, त्यात एकच ओळ मराठीत होती: "इथे वरण नाही."

या देशाला याची जुनी सवय आहे. रिचर्ड शिरमान नावाचे प्राथमिक शिक्षक मुलांना घेऊन पायी हिंडत. १९०९ मध्ये अशाच एका भटकंतीत वादळी पावसाने गाठलं, रात्र एका शाळेच्या इमारतीत काढावी लागली. त्यावरून त्यांच्या मनात आलं की सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुक्कामासाठी का वापरू नयेत. त्यातून यूथ हॉस्टेलची चळवळ उभी राहिली, १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल निघालं. म्हणजे मुळात ही एका मास्तरांची स्वस्तातली सोय होती. गोदाकाठ म्हणतात त्या रिसॉर्टशी त्याचा काही संबंध नाही. झेडपी गुरुजींनी शाळेत मुक्काम केला, ते थेट शिरमान मास्तरांच्या वाटेवर.

बाबा_नाशिककर
परदेशातले दाखले ठीक आहेत, पण आपल्याकडे कोसबाडला काय झालं तेही पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरं वळायला कुरणात जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. झाडाखाली बसायचं, पानं, बिया, दगडगोटे यांवर मोजणी शिकायची, गुरांवर एक डोळा ठेवायचा. उघड्यावरचं शिक्षण म्हणजे वर्षातून एकदा पैसे भरून घ्यायची गोष्ट, असं त्यांनी मानलं नव्हतं.

म्हणून माझं मत थोडं वेगळं. दोन रात्रींचं शिबिर वाईट नाही, पण शाळा उरलेलं वर्षभर मुलांना चार भिंतींत कोंडणार असेल तर त्या दोन रात्रींनी काही भागत नाही. आठवड्यातून एक तास मैदानाच्या कडेच्या झाडाखाली घ्या, त्याला खर्च शून्य.

डॉक्टरीण
बाबांच्या मुद्द्याला दुजोरा. मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलांना लवकर चष्मा लागण्याचं प्रमाण वाढतंय, आणि रोज उघड्यावर उजेडात घालवलेला वेळ त्याला आळा घालतो हे आता नीट अभ्यासलं गेलंय. तैवानने २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं बाहेर घालवण्यावर भर दिला. शब्द 'रोज' आहे. डिसेंबरातल्या तीन दिवसांनी डोळे सुधारणार नाहीत, तेव्हा शिबिराकडून ती अपेक्षा नको.

केतकी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पालक जे विचारायला लाजतात ते आधी. सातव्या वर्षी शेकडा पाच ते दहा मुलांचं रात्री अंथरूण ओलं होतं, नवव्या-दहाव्या वर्षीही काहींचं होतं. तसं असेल तर वर्गशिक्षिकेला एकटीला गाठून सांगा. झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा उठवलं की बहुतेक निभावतं, आणि बॅगेत जादा कपडे वेगळ्या पिशवीत द्यायचे. लपवलं तर पोर रात्रभर जागं राहतं. चौथी-पाचवीतल्या काही मुलींना पाळी सुरू झालेली असते किंवा तिथेच सुरू होऊ शकते, म्हणून बरोबरच्या शिक्षिकेकडे पॅड असायला हवेत आणि मुलींना ते माहीत हवं. दमा असेल तर इनहेलर मुलाजवळच हवा, तळावरच्या कपाटात नको.

शाळेला विचारा की जवळचं ग्रामीण रुग्णालय किती दूर आहे, रात्री गाडी तळावर उभी असेल का आणि १०८ ला फोन लावायला तिथे रेंज आहे का. बूट घालण्याआधी झटकायची सवय घरूनच लावा. विंचवाला घाबरून शिबिर टाळायचं कारण नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचे उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झालेत, पण मूल वेळेत पोचलं पाहिजे.

सह्यभटक्या
डॉक्टरीणबाईंच्या यादीत एक भर. आग्यामोहोळ. कड्याच्या कपारीत, मोठ्या झाडावर, किल्ल्याच्या दरवाजात असतं. त्याच्या आसपास आरडाओरडा नाही, धूर नाही, अत्तर-परफ्यूम नाही. टेकडी ठरवण्याआधी शाळेच्या कुणीतरी ती स्वतः चढून पाहिली आहे का, हे नक्की विचारा. नुसतं "आमच्या एजन्सीला माहीत आहे" हे उत्तर चालणार नाही.

अदिती_जोशी_नव्हे
मी शिबिराच्या विरुद्ध नाही, पण या धाग्यावर अजून कुणी बोललं नाही ते बोलते. रात्री मुलांबरोबर कोण झोपणार? तळावरचे कर्मचारी कोण, त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलींच्या तंबूशेजारी शिक्षिकेचा तंबू आहे का? अंघोळीच्या जागेला आतून कडी आहे का? हे विचारणाऱ्या पालकाला शाळेने "तुम्ही फार संशय घेता" म्हटलं, तर मी त्या शाळेच्या शिबिराला मूल पाठवणार नाही. आणि निघण्याआधी घरी मुलीशीच नव्हे, मुलाशीसुद्धा बोलायचं. कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर कुणाकडे जायचं, त्या बाईंचं नाव त्याला पाठ हवं.

रानवाटा
अदिती, शंभर टक्के. असे प्रश्न विचारणारे पालक मला हवेतच. आमच्याकडे कर्मचारी रात्री मुलांच्या भागात येत नाहीत आणि एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नसतो.

याला जोडून एक खंत. दरवर्षी नावं येतात त्यात मुलगे जास्त, मुली कमी. पहिलीपासून एका बाकावर बसणारी भावंडं, त्यातला जुळा भाऊ येतो आणि बहीण घरी. कारण विचारलं तर "ती घाबरते." ती घाबरत नसते, मला वर्गात दिसते ती. सुरक्षिततेचे प्रश्न जरूर विचारा, उत्तरं पटली नाहीत तर दोघांनाही पाठवू नका. पण उत्तरं पटल्यावर फक्त मुलीला मागे ठेवू नका.

चकली
:टाळ्या:

गोदाकाठ
माझ्या फीच्या प्रश्नाचं काय झालं?

रानवाटा
गोदाकाठ, विसरले नाही. आमच्याही शाळेत एक वर्ष असं आलं की निम्म्याहून जास्त पालकांना जमणार नव्हतं. तेव्हा शिबिर शाळेच्याच मैदानावर केलं. ताडपत्र्या बांधून तंबू मुलांनी उभारले. पहिला तंबू दोनदा कोसळला, कारण दोऱ्या एकाच बाजूने ताणल्या होत्या. रस्त्यावरचा एक दिवा बंद करायची विनंती नगरपालिकेला केली, त्यांनी ऐकली. खिचडी, पापड, गूळ. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला आणि त्याच रेषेत खाली जाऊन व्याध कसा शोधायचा ते सांगितलं. वर्गातलं एकही मूल मागे राहिलं नाही. डोंगर नव्हता, ही उणीव मोठी होती, पण रात्र बाहेरच काढली.

शासननिर्णय
माहितीसाठी: २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दप्तराविना दहा दिवस आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी. राज्यात 'आनंददायी शनिवार' हा शनिवारी खेळ-कृती घ्यायचा उपक्रम आहे. पहिली ते पाचवीच्या निवासी शिबिराला तसा आधार नाही, शाळेच्या उत्साहावर चालतं. खरं तर चौथीत परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपतींचा इतिहास असतो. त्याच वर्षी मुलांनी वेल्ह्यात राहून तोरणा बघायचा नाही तर कधी?

सह्यभटक्या
चौथीच्या पोरांना तोरण्यावर चढवू मात्र नका, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला आहे तो. खालून दाखवा. आणि "एवढ्या उंचावर माणसं राहायची तर पाणी कुठून आणायची?" एवढंच विचारून सोडून द्या. टेकडीवर कातळात खोदलेलं एखादं टाकं दिसलं की उत्तर मुलंच देतील.

केतकी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पालकसभा होती, हा धागा मोबाइलवर उघडूनच बसले. गाडी रात्रभर तळावर राहणार का, यावर आधी "बघू" होतं, आम्ही चार-पाच जणींनी लावून धरल्यावर लेखी "हो" आलं. शिक्षिकांचे तंबू मुलींच्या तंबूंच्या दोन्ही बाजूंना असतील. टेकडी मुख्याध्यापक आणि पीटीचे सर दोघंही चढून आलेत. झिपलाइन कार्यक्रमपत्रिकेत होती. ती काढून तो वेळ मोकळा ठेवा, अशी विनंती केली, त्यावर निर्णय व्हायचाय. काही पालकांना ती हवीच आहे. फीसाठी पालकसंघाने निधी जमवायचं ठरवलंय, नावं न सांगता. गोदाकाठ, ते तुमच्यामुळे.

सासूबाईंना टॉर्चची गोष्ट वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी टॉर्च होता कुठे?" आणि आज तिच्यासाठी कानटोपी विणायला घेतली आहे. म्हणजे परवानगी मिळाली असं धरते.

एक प्रश्न उरलाय. लेकीची जिवलग मैत्रीण येत नाहीये, हिला मिळालेल्या गटातल्या बाकीच्या मुलींशी हिचं फारसं पटत नाही. गट बदलून मागू का?

रानवाटा
नका मागू. बाईंना फक्त कानावर घालून ठेवा. ताट घासायला जोडीदार लागतोच, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणीतरी मिळते. आणि तारखा ठरल्या नसतील तर अमावास्येच्या जवळच्या घ्यायला सांगा, पौर्णिमेच्या आसपास तारे फिके पडतात.

म्युनिकवासी
आणि वरणाची सोय विचारून घ्या.

झेडपी_गुरुजी
केतकीताई, झिपलाइनच्या मोकळ्या वेळात काय करायचं हा प्रश्न शाळेला पडला तर सांगा, जवळच्या गावातल्या झेडपी शाळेशी बोला. त्यांचा एक वर्ग आणि तुमचा एक वर्ग, दोन तास एकत्र. आमच्याकडं शहरातली शाळा आली होती तेव्हा आमच्या पोरांनी त्यांना खेकड्याची बिळं दाखवली आणि त्यांच्या पोरांनी आमच्यांना बुद्धिबळ शिकवलं. पट त्यांनी जाताना ठेवून दिला, आता मधल्या सुट्टीत त्यावर नंबर लागतात. फक्त आधी गुरुजींना फोन करा, अचानक बस नेऊन उभी करू नका, आणि खाऊ वाटायला नेऊ नका. दोन्हीकडच्या पोरांनी एकाच पातेल्यातली खिचडी खावी, लाकूडफाटा गावात मिळतो.